गेम खरंच फसवतो का? खेळणाऱ्याच्या रागाचे चार पत्ते

आज बोलायचंय रागाबद्दल. साधासुधा राग नाही, तर हातातला सामना शेवटच्या मिनिटाला निसटल्यावर कंट्रोलर सोफ्यावर आपटायला लावणारा राग. घरात कुणी पंधरा ते पस्तीस वयाचं असेल आणि त्याला खेळांचे व्हिडिओ गेम आवडत असतील, तर "हा गेम चीटिंग करतो!" हे वाक्य तुमच्या कानावर पडलेलंच असणार. वडीलधारे त्यावर म्हणतात, "नाचता येईना अंगण वाकडं." विषय तिथेच संपतो.

पण अंगण कधी कधी खरोखर वाकडं असतं. कधी ते सरळ असतं आणि पाय चुकतो. कधी अंगण ठीक, पाय ठीक, पण ढोलकीचा आवाज उशिरा पोचतो. आणि कधी अंगण मुद्दाम वाकडं ठेवलेलं असतं, कारण शेजारीच सरळ अंगणाची तिकिटं विकायची असतात. हे चार प्रकार वेगळे ओळखता आले, तर राग कुणावर काढायचा आणि पैसे कुठे घालायचे नाहीत हे कळतं. आजच्या भागात तेवढंच करू.

उदाहरण म्हणून मी एक असा गेम घेतोय, जो आपल्याकडे फार कमी लोक खेळतात: अमेरिकन फुटबॉलचा मॅडन. कारण असं, की एकाच गेमवर इतकी वर्षं, इतक्या लोकांनी आणि इतक्या तपशिलात रागावल्याचं दुसरं उदाहरण सापडणं अवघड. शिवाय मी बोलतोय दिल्लीजवळून. इथे गुरुग्राम-नोएडात अमेरिकेच्या घड्याळाप्रमाणे नोकरी करणारी मुलं आहेत, त्यांत मराठी मुलंही आहेत. अमेरिकेत रविवारी दुपारी एकला सुरू होणारा सामना आपल्याकडे रात्री साडेदहा-साडेअकराला लागतो. हपिसातल्या गप्पांमधून हा खेळ त्यांच्यापर्यंत पोचतो आणि मग कुणीतरी गेम विकत घेतं. तसा हा खेळ आपल्या नावांना अगदीच परका नाही. २०१२ मध्ये एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया नावाची स्पर्धा झाली, तिच्यात पुणे मराठाज, मुंबई ग्लॅडिएटर्स आणि दिल्ली डिफेंडर्स असे संघ होते. सामने मात्र कोलंबोत खेळवले होते!

आधी खेळ समजून घेऊ

अमेरिकन फुटबॉलमध्ये दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू. ज्याच्याकडे चेंडू त्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं असतं. गेले, तर पुन्हा चार प्रयत्न. नाही गेले, तर चेंडू समोरच्याला. क्वार्टरबॅक नावाचा खेळाडू चेंडू फेकतो, त्याच्या पुढे पाच धिप्पाड गडी भिंतीसारखे उभे राहतात आणि त्याला वाचवतात. फेकलेला चेंडू समोरच्यानेच झेलला, तर त्याला इंटरसेप्शन म्हणतात. कबड्डीत चढाईला गेलेला गडी पकडला जावा, तसा हा घाव जिव्हारी लागतो.

जॉन मॅडन हे या खेळाचे नामांकित प्रशिक्षक आणि नंतर समालोचक. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स, म्हणजे ईए कंपनीने त्यांच्या नावाने गेम काढायचं ठरवलं, तेव्हाच्या संगणकांवर बावीस माणसं हलवणं कठीण होतं. कंपनी म्हणाली, सहा-सात जणांचे संघ करू. मॅडन म्हणाले, अकरा नसतील तर तो फुटबॉल नाही. त्या हट्टापायी गेम रखडला आणि १९८८ मध्ये अ‍ॅपल टू संगणकावर आला.

हा अकराचा आकडा लक्षात ठेवा, कारण रागाचं मूळ तिथेच आहे. क्रिकेटच्या गेममध्ये फलंदाजी करताना तुम्ही एकच माणूस असता आणि समोर एक चेंडू. बाद झालात तर निदान बॅट तुमच्या हातात होती. मॅडनमध्ये एका वेळी तुम्ही अकरांपैकी एकच माणूस चालवता. उरलेले दहा संगणक चालवतो. भिंतीतला एक गडी चुकला, की तुमचा क्वार्टरबॅक आडवा. चूक संगणकाची, पराभव तुमच्या नावावर.

पहिला पत्ता: गणित

मॅडनमधल्या प्रत्येक खेळाडूला शंभराच्या आतले गुण असतात. वेग किती, फेक किती अचूक, झेल किती पक्का, समज किती. प्रत्येक प्रसंगात हे आकडे एकमेकांशी भिडतात आणि त्यात थोडा नशिबाचा भाग मिसळतो. म्हणजे पडद्याआड फासे पडत असतात. ते दिसत नाहीत, निकाल तेवढा दिसतो.

इथे आपलं मन फसतं. समजा, तुमची फेक अडवली जाण्याची शक्यता शंभरात फक्त तीन आहे. हा आकडा मी उदाहरणासाठी धरलाय, गेममधला नाही. तीन टक्के म्हणजे नगण्य वाटतं. पण एका सामन्यात तुम्ही तीस फेकी केल्या, तर निदान एक तरी अडवली जाण्याची शक्यता साठ टक्के होते. आणि दोन किंवा जास्त अडवल्या जाण्याची? जवळजवळ तेवीस टक्के. म्हणजे दर चार-पाच सामन्यांत एकदा, कुणीही लबाडी न करता, तुमचे दोन चेंडू पळवले जाणार. त्यातला दुसरा शेवटच्या मिनिटाला गेला, की आपण छातीठोकपणे सांगतो, "गेमने मुद्दाम हरवलं."

सिव्हिलायझेशन या प्रसिद्ध गेममालिकेचे कर्ते सिड मायर यांनी २०१० मध्ये गेम बनवणाऱ्यांच्या परिषदेत याच विषयावर भाषण केलं होतं. तीनास एक अशी बाजू आपल्याकडे असताना खेळाडू हरला, की तो चिडतो. गणिताने चारांतून एकदा हरणं बरोबर असलं तरी त्याला ते पटत नाही. म्हणून त्यांनी गेममधलं गणितच खेळाडूच्या भावनेकडे थोडं झुकवलं. गंमत बघा, आपल्याला "न्याय्य" वाटणारा गेम कधी कधी आपल्याच बाजूने खोटा असतो.

मग मुद्दाम हरवतात ही नुसती शंकाच का? ती न्यायालयापर्यंत गेलेली आहे. सामना रंगतदार राहावा म्हणून अवघडपणा आपोआप कमी-जास्त करण्याच्या तंत्राचं पेटंट ईएकडे आहे. ते तंत्र फिफा, मॅडन आणि हॉकीच्या गेममध्ये वापरून कंपनी लोकांना जास्त पत्ते विकत घ्यायला लावते, असा दावा तीन खेळाडूंनी नोव्हेंबर २०२० मध्ये कॅलिफोर्नियात लावला. कंपनीने साफ नाकारलं, तांत्रिक माहिती दिली, आपल्या अभियंत्यांशी बोलायची सोय केली. २०२१ मध्ये खेळाडूंनी दावा मागे घेतला. त्यामुळे आज त्या आरोपाला आधार उरलेला नाही.

पण एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. खेळांच्या अनेक गेममध्ये "अवघड" पातळी निवडली, की संगणक जास्त हुशार होत नाही. त्याचे आकडे वाढवले जातात. अक्कल वाढवणं अवघड, गुण वाढवणं सोपं. त्यामुळे तुमचा हुकमी एक्का अचानक पडू लागतो. ही लपवाछपवी नाही, पण समाधानही नाही. उपाय असा, की संगणकाविरुद्ध खेळताना मॅडनमध्ये वेगवेगळ्या गोष्टींचे आकडे वरखाली करण्याची पट्टी मिळते. ती वापरा.

दुसरा पत्ता: हालचाल

आता समजा गणित तुमच्या बाजूने आहे. तुम्ही बटण दाबलं आणि खेळाडू ऐकत नाही. उजवीकडे वळायला सांगितलं, तो आधीची उडी पुरी करूनच वळतो. यामागचं कारण अ‍ॅनिमेशन.

गेममधली प्रत्येक हालचाल बहुधा आधी खऱ्या माणसांकडून करवून, टिपून ठेवलेली असते. तमाशातल्या सोंगाड्यासारखा गेममधला खेळाडू हजरजबाबी नसतो. त्याला पाठ केलेले तुकडे येतात. एकट्याची हालचाल मध्ये तोडता येते, पण दोघांची झटापट असेल तर पंचाईत. पकडणारा आणि पकडला जाणारा, दोघांचा तुकडा एकत्र टिपलेला. तो जुळायला दोघं नेमक्या अंतरावर हवेत. नसतील तर सॉफ्टवेअर त्यांना हळूच सरकवून जवळ आणतं. मग काय दिसतं? तुम्ही दोन हात पुढे निसटलेले असता आणि समोरचा लोहचुंबकाने ओढल्यासारखा येऊन चिकटतो. मॅडन खेळणाऱ्यांची ही जुनी तक्रार आहे, आणि ती कल्पनेतली नाही.

यावर तोडगा म्हणून २०१२ मध्ये आलेल्या मॅडन १३ पासून कंपनीने टकरींसाठी भौतिकशास्त्राची गणितं आणली. धक्का किती, वजन किती, त्याप्रमाणे माणूस पडावा. पडू लागला, पण खेळी संपल्यावर आडव्या पडलेल्या गड्यांना अडखळून धडधाकट खेळाडू कोलमडू लागले. एक कुलूप उघडायला जावं तर दुसरं लागतं, तसं. आणि २०१४ च्या आवृत्तीत तर आकड्याच्या चुकीमुळे क्लीव्हलंड संघाचा एक भक्कम खेळाडू चौदा इंच उंचीचा होऊन मैदानात उतरला होता. त्यावर जगभर हसू झालं. पण तो ज्या कारणाने हास्यास्पद होता, त्याच जातीच्या छोट्या चुका एरवी आपल्याला हरवतात. तेव्हा हसू येत नाही इतकंच.

या जातीच्या दोषांवर तुम्ही सराव करून मात करू शकत नाही. ती कंपनीने अपडेट देऊन दुरुस्त करायची गोष्ट आहे. म्हणूनच पालिका बाजारातून किंवा नेहरू प्लेसच्या फुटपाथवरून चोरीची प्रत घेण्याचा काळ आठवून हळहळणाऱ्यांना एक सांगणं आहे. त्या प्रतीत जी चूक होती, ती कायमची. अपडेट नाही, दाद मागायची सोय नाही. तुम्ही ग्राहकच नव्हता.

तिसरा पत्ता: अंतर

आता ऑनलाइन सामना. तुम्ही गुरुग्राममध्ये, प्रतिस्पर्धी किंवा सर्व्हर अमेरिकेत. इथे तुमचा शत्रू भूगोल आहे.

प्रकाश निर्वात जागेत सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर जातो. इंटरनेटच्या केबलमध्ये काचेचा तंतू असतो, त्यात हा वेग साधारण दोन लाखांवर येतो. दिल्ली ते मुंबई सरळ रेषेत सुमारे ११५० किलोमीटर. जाऊन-येऊन २३००. भागाकार केला तर साडेअकरा मिलिसेकंद. म्हणजे तुम्ही आकाशपाताळ एक केलंत तरी दिल्लीहून मुंबईच्या सर्व्हरला यापेक्षा लवकर उत्तर मिळणार नाही. प्रत्यक्षात केबल सरळ रेषेत जात नाही आणि वाटेत यंत्रं लागतात, म्हणून आकडा याच्या दुप्पट-तिप्पट दिसला तर दचकू नका.

दिल्ली ते न्यूयॉर्क सुमारे ११,७०० किलोमीटर. जाऊन-येऊन कमीत कमी ११७ मिलिसेकंद. आणि दिल्लीला समुद्र नाही, त्यामुळे तुमचा संदेश आधी मुंबई किंवा चेन्नईच्या किनाऱ्यावर जाणार, तिथून समुद्राखालून. प्रत्यक्षात दोनशेच्या वर आकडा सहज जातो. यालाच खेळणारे पिंग म्हणतात.

दोनशे मिलिसेकंद म्हणजे किती? पापणी लवायला लागतो तेवढा वेळ. पण गेम सेकंदाला साठ चित्रं दाखवतो, म्हणजे एक चित्र सुमारे १७ मिलिसेकंदांचं. दोनशे मिलिसेकंदांत बारा चित्रं निघून जातात. तुम्हाला मोकळा दिसलेला साथीदार बारा चित्रांपूर्वी मोकळा होता. तुम्ही भूतकाळावर फेकताय! मग चेंडू पळवला गेला तर नवल काय?

इथे एक गैरसमज दूर करतो. जास्त एमबीपीएसचा प्लॅन घेतला की पिंग कमी होतो असं विक्रीवाले सुचवतात. एमबीपीएस म्हणजे रस्त्याची रुंदी, पिंग म्हणजे रस्त्याची लांबी. दहा पदरी महामार्ग केला म्हणून नागपूर पुण्याच्या जवळ येत नाही. १ ऑक्टोबर २०२२ ला दिल्लीच्या प्रगती मैदानावर फाइव्ह-जीचं उद्घाटन झालं तेव्हाही अनेकांना वाटलं होतं, की आता पिंगचा प्रश्न मिटला. फाइव्ह-जी तुमच्या फोनपासून टॉवरपर्यंतचा टप्पा सुधारू शकतं. अटलांटिक महासागर ते लहान करत नाही.

म्हणून व्हॅलरंटसारखे, मुंबईत सर्व्हर असलेले गेम आपल्याकडे का रुजले हे लक्षात येईल. पुणे, इंदूर, बेळगाव, हैदराबाद, कुठूनही मुंबई ही दिल्लीपेक्षा जवळच. आणि म्हणूनच मोठ्या ई-स्पोर्ट्स स्पर्धांचे शेवटचे सामने सगळ्यांना एका सभागृहात बसवून, एकाच जाळ्यावर खेळवतात. गुरुग्रामच्या नॉडविन गेमिंगसारख्या कंपन्या अशा स्पर्धा भरवतात. तिथे हरल्यावर पिंगचं कारण सांगता येत नाही.

मात्र सगळा दोष समुद्राचा नसतो, थोडा घरातलाही असतो. नोएडाच्या किंवा ठाण्याच्या उंच इमारतीत फोनवर वायफायची यादी उघडून बघा, वीस-पंचवीस नावं सापडतील. सगळी एकाच गल्लीत हॉर्न वाजवत उभी. त्यात घरात कुणी मोठी फाइल वर चढवत असेल, तर राउटरमध्ये रांग लागते आणि तुमचं बटण रांगेत अडकतं. राउटरपासून थेट केबल जोडा. जमत नसेल तर पाच गिगाहर्ट्झचा पट्टा वापरा. टीव्हीवर खेळत असाल तर सेटिंगमध्ये "गेम मोड" सुरू करा. टीव्ही चित्र सुंदर करण्यात जो वेळ घालवतो, तो वाचतो. याला पैसे लागत नाहीत, किंवा एका केबलचे लागतात.

चौथा पत्ता: धंदा

आता सगळ्यात महत्त्वाचा पत्ता. पहिल्या तीन कारणांनी राग येतो आणि जातो. चौथ्या कारणाने तो वर्षानुवर्षं टिकतो.

२००४ च्या उन्हाळ्यात अमेरिकन फुटबॉलचे दोन तगडे गेम बाजारात होते. एक मॅडन, पन्नास डॉलरला. दुसरा ईएसपीएन एनएफएल टूके-फाइव्ह, वीस डॉलरला. लोक दुसऱ्याकडे वळू लागले तसं मॅडनची किंमत तीस डॉलरवर आली. स्पर्धेचं फळ ग्राहकाला मिळालं. पण त्याच डिसेंबरात ईएने एनएफएल आणि खेळाडूंच्या संघटनेशी एकहाती करार केला. खरे संघ, खरी नावं, खरी मैदानं वापरायचा हक्क फक्त आमचा. दुसरा गेम संपला. याविरुद्ध ग्राहकांनी २००८ मध्ये दावा लावला, तो २०१२ मध्ये २ कोटी ७० लाख डॉलरच्या तडजोडीवर मिटला. एनएफएलचा करार मात्र तसाच राहिला.

आता विचार करा. मॅडन दर वर्षी मोसमाच्या तोंडावर येतो. तारीख चुकवता येत नाही, कारण खरा मोसम सप्टेंबरात सुरू होतो. हाताशी जेमतेम वर्ष. त्या वर्षात कंपनीने कष्ट कुठे घालायचे? फ्रँचायझी नावाचा एक प्रकार असतो. त्यात तुम्ही एक संघ घेऊन वर्षानुवर्षं चालवता, मुलं घडवता, व्यवहार करता. जुन्या खेळाडूंचा जीव त्यात असतो. पण त्यासाठी तुम्ही एकदाच पैसे मोजलेले असतात. दुसरा प्रकार अल्टिमेट टीम. त्यात खेळाडूंच्या पत्त्यांची बंद पाकिटं विकत घ्यायची, आत कोण निघेल ते नशीब. तिथे पैसे रोज येतात. २०२१ च्या मार्चला संपलेल्या आर्थिक वर्षात ईएला सगळ्या खेळांच्या अल्टिमेट टीममधून मिळून सुमारे १.६ अब्ज डॉलर मिळाले, म्हणजे एकूण महसुलाचे २९ टक्के. त्यातला मोठा वाटा फिफाचा होता.

मग फ्रँचायझी पडीक जमिनीसारखी राहते यात नवल नाही. २०२० च्या उन्हाळ्यात खेळणाऱ्यांनी "मॅडनची फ्रँचायझी दुरुस्त करा" अशी समाजमाध्यमांवर मोहीमच उभी केली. कंपनीला उत्तर द्यावं लागलं आणि नंतरच्या अपडेटमध्ये काही सुधारणा द्याव्या लागल्या. म्हणजे ओरड अगदीच वाया गेली नाही. पण ओरडणाऱ्याकडे दुसरं दुकान नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

आणि आता पहिल्या तीन पत्त्यांशी याचा सांधा जुळतो. तुम्ही गणिताने हरलात, अ‍ॅनिमेशनने हरलात किंवा पिंगने हरलात, की समोर एक पाटी येते: चांगला खेळाडू हवाय? पाकीट घ्या. ९५ गुणांचा क्वार्टरबॅक विकत घेतल्याने पिंग कमी होत नाही. लोहचुंबकासारखी पकड सुटत नाही. पण चिडलेल्या माणसाला तेवढं सुचत नाही. राग ही इथे विक्रीची उत्तम वेळ असते. घरात पंधरा वर्षांचं मूल असेल आणि आईबाबांचं कार्ड जोडलेलं असेल, तर हा विषय पोरखेळाचा उरत नाही.

बेल्जियमच्या जुगार आयोगाने २०१८ मध्ये अशी नशिबाची पाकिटं तिथल्या जुगार कायद्यात बसतात असं ठरवलं, आणि पुढच्या वर्षी ईएने तिथे फिफाचे पॉइंट विकणं थांबवलं. आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्याचा मुख्य रोख पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर आहे, आणि ई-स्पोर्ट्सला त्याने मान्यता दिली. पत्त्यांच्या पाकिटातून रोख पैसे मिळत नाहीत, मिळतो तो आकड्यांचा बाहुला. म्हणून या कायद्यावर विसंबून घरातलं कार्ड मोकळं सोडू नका.

क्रिकेटचं काय?

तुम्ही म्हणाल, आम्ही क्रिकेट खेळतो, आम्हाला हे कशाला? तर तुलना फार बोलकी आहे.

ईएचा क्रिकेट ०७ हा २००६ च्या नोव्हेंबरात आला. भारतातल्या एका पिढीने तो अक्षरशः झिजवला. त्यात आपल्या खेळाडूंची खरी नावं नव्हती, कारण हक्क नव्हते. खेळणाऱ्यांनीच नावं, कपडे, संघ बदलून तो वर्षानुवर्षं जिवंत ठेवला. ईएने त्यानंतर असा नवा गेम काढला नाही. मग २०१३ मध्ये ५०५ गेम्स या कंपनीने अ‍ॅशेस क्रिकेट आणला. तो इतका कच्चा होता, की बाजारात आल्यावर काही दिवसांतच मागे घ्यावा लागला आणि घेतलेल्यांचे पैसे परत करावे लागले. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियाच्या बिग अँट कंपनीने डॉन ब्रॅडमन क्रिकेट १४ आणला आणि लोक तिकडे गेले. मोबाइलवर तर चेन्नईच्या नेक्स्टवेव्हचा वर्ल्ड क्रिकेट चॅम्पियनशिप आणि नॉटिलस मोबाइलचा रिअल क्रिकेट एकमेकांशी स्पर्धा करत वाढले.

म्हणजे क्रिकेटवाल्याला नावं चुकीची मिळतात, पण दुकानं अनेक असतात. अमेरिकन फुटबॉलवाल्याला नावं अचूक मिळतात, पण दुकान एकच. माझं मत विचाराल तर पहिली गैरसोय बरी. नाव दुरुस्त करता येतं. मक्तेदारी खेळाडूला घरबसल्या दुरुस्त करता येत नाही.

मग करायचं काय?

एक: राग आला की आधी पत्ता शोधा. हाच प्रसंग नेटशिवाय, सरावात पन्नास वेळा खेळून बघा आणि वहीत रेघा मारा. आठवणीवर जाऊ नका, आठवणीत फक्त घाव राहतात. पन्नासांत पाच वेळा चुकतंय तर ते गणित. ठरावीक जागी दर वेळी तीच विचित्र हालचाल होतेय तर तो गेमचा दोष. सरावात सगळं ठीक आणि फक्त ऑनलाइन बिघडतंय तर अंतर. सरावातही बटणाला उशीर होतोय तर टीव्ही किंवा कंट्रोलर.

दोन: पहिल्या दिवशी विकत घेऊ नका. आगाऊ नोंदणी तर नकोच. तीन-चार आठवड्यांत चुका बाहेर येतात, काही दुरुस्त होतात. संगणकावर स्टीममधून घेतला असेल, तर घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मागता येतात. ते दोन तास नुसती सुरुवातीची चित्रफीत बघण्यात घालवू नका. तुम्हाला जो प्रकार खेळायचा आहे, तोच तपासा. दुसऱ्या दुकानाचे नियम वेगळे असतात, ते पैसे देण्याआधी वाचा.

तीन: हरल्यानंतरचा अर्धा तास काहीही विकत घ्यायचं नाही. हा नियम घरात लिहून लावा. मुलांच्या खात्यावर खर्चाची मर्यादा घाला. सगळ्या मोठ्या कन्सोलवर आणि फोनवर ती सोय आहे.

चार: तक्रार करायची तर नेमकी करा. "तुमचा गेम भंगार आहे" याला कुणी उत्तर देत नाही. कोणती आवृत्ती, कोणता प्रकार, कोणता प्रसंग, किती वेळा, सोबत चित्रफीत. पैसे कापले गेले आणि वस्तू मिळाली नाही, किंवा दिशाभूल करून विकलं असं वाटलं, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ऑनलाइन विक्रीतल्या फसव्या युक्त्यांची तेरा प्रकारांची यादी काढली आहे. खोटी घाई लावणं हा त्यातला एक. "दहा मिनिटंच उरली" ही पाटी दुसऱ्या दिवशी तशीच दिसली, तर तिचा फोटो काढून ठेवा.

आणि घरच्या मोठ्यांना एक विनंती. मूल म्हणालं, "गेमने मला हरवलं," तर लगेच अंगणाची म्हण काढू नका. विचारा, "कसं हरवलं, दाखव बरं?" चारांपैकी कोणता पत्ता आहे ते दोघांनी मिळून शोधा. शक्यता म्हणजे काय, प्रकाशाचा वेग म्हणजे काय, मक्तेदारी म्हणजे काय, हे शिकवायला यापेक्षा उत्सुक विद्यार्थी तुम्हाला मिळणार नाही. तो आत्ताच हरलाय. त्याला कारण हवंय.

पुढच्या भागात भेटू. तोवर वायफाय सोडून केबल लावा, आणि कार्ड मात्र काढून ठेवा.